हातचा

आधी आभाळ वजा करायचं, यास्ना म्हणाली,
आणि तिथंच सगळे फसतात.

मी दुर्बीण फिरवणारा. एलिसेओ.
एकवीस वर्षं या डोंगरावर रात्रपाळी.
लोक येतात, दीर्घिका मागतात,
मी घुमट वळवून देतो काढून,
फळीवरचा डबा काढून द्यावा तशी.
हिनं मागितलं ते
दोन डब्यांच्या मधलं.

मध्ये काय असतं?
तारे, म्हणाली. घर सुटलेले.
चार दीर्घिकांचा गट. जवळून जाता जाता
ओढाताण होते, कडेचे तारे निसटतात,
मग ते हिचेही नसतात, तिचेही नसतात.
सुटा एकही दिसत नाही.
सगळ्यांचा मिळून उजेड किती,
तर सांडलेलं दूध पुसून घेतल्यावर
फरशीवर उरावा तेवढा.

आकडाच हवा तर घ्या:
चंद्र नसलेल्या या आभाळाचा स्वतःचा उजेड धरा हजार,
आपले त्यात तीन.
एखाद्या चांगल्या ठिकाणी चार.

म्हणून रात्रीचा दिवस.
दर दहा मिनिटांनी दुर्बीण थोडी सरकवायची,
म्हणजे डाग कॅमेऱ्याचा की आभाळाचा, कळतं.
प्रत्येक तारा काळ्या ठिगळाखाली,
प्रत्येक दीर्घिका ठिगळाखाली.
ठळक ताऱ्याचं भिंगात घुटमळणारं भूत,
क्षितिजावर तांब्याच्या खाणीच्या दिव्यांची साय,
आपल्याच आकाशगंगेतली धूळ,
पाखडत राहायचं.

आरसा धुणारे दोन फाउस्तिनो पडद्यावर डोकावले:
पोरी, सगळंच झाकलंस. आता बघणार काय?
ती पाव चहात बुडवत होती.
उरेल ते.

चौथ्या रात्री काहीच उरलं नाही.
चार काळी ठिगळं, भोवती
इस्त्री केल्यासारखं सपाट.
दोन तास ती कुणाशी बोलली नाही.
मग हसली, चांगलं नव्हे ते हसू.
आज्ञावली आमची शहाणी:
जे मंद, जे पसरलेलं, ज्याला कड नाही,
ते आभाळच असणार, असं धरून
दर वेळी इमानेइतबारे वजा करत होती.
हजाराबरोबर आमचे तीनही.

माझी आई सांता ओर्तेन्सियाची.
सोऱ्याचं गाव. कारखाना बंद झाला तेव्हा ती एकोणीसची.
दारं विकली, पत्रे विकले,
नाटकघराच्या खुर्च्या ट्रकमधून गेल्या.
कुणी कालामाला, कुणी अंतोफागास्ताला,
एक मामा जहाजावर, त्याचं पुढं कळलं नाही.
शिरगणतीचा माणूस विचारतो, गाव?
ती सांगते. तो यादीवरून बोट फिरवतो.
नाही हो बाई. जवळचं लिहू का?
वाळवंटात जवळचं काय असतं.

हे मी यास्नाला सांगितलं नाही.
तिला उपमा चालत नाहीत.
'घर सुटलेले' म्हणाली
ते केवळ मला समजावं म्हणून.

पण शाळेतला हातचा आठवला.
या रकान्यातला राहिला नाही,
त्या रकान्यातला अजून झाला नाही,
तोवर बोटावर धरायचा.
विसरलात तर उत्तर चुकतं,
आणि चुकलंय असं दिसत नाही.

सगळं पहिल्यापासून. ठिगळं मोठी केली,
आभाळ मोजलं गटापासून लांब जाऊन,
जिथं त्या चौघींचं काही पोचत नसावं.
'नसावं' हा शब्द ती वहीत दोनदा लिहिते.
सातव्या पहाटे पडद्यावर
ठिगळांच्या मधून काहीतरी होतं.
डोळ्याला नाही; आकड्याला.
गटाच्या एकूण उजेडाच्या अकरा टक्के,
अधिक-उणे चार.
मला ते अधिक-उणे फार आवडलं.
एवढ्या प्रामाणिकपणे
माझा पगारसुद्धा कुणी मोजलेला नाही.

दोन फाउस्तिनो म्हणाले, चार म्हणजे बरीच घसरगुंडी की.
हो, ती म्हणाली, आणि बूट काढून
खुर्चीतच झोपली.

घुमट मिटला. खाली समुद्रावर
कामान्चाका धुकं गादीसारखं पसरलेलं.
डोंगरावर गाडीचे मोठे दिवे लावायला मनाई आहे.
मी पहिल्या वळणाशी थांबतो नेहमी,
काच खाली करून, इंजिन बंद.
रस्ता लगेच दिसत नाही.
थोडं बसावं लागतं.