साठ कमी

परसात मोरीपाशी जुन्या मागाचा सांगाडा पडलाय,
भंगारवाला भाव पाडतो म्हणून सासऱ्यांनी न विकलेला.
काल दुपारी त्याच्याखाली काहीतरी कुजबुजलं.

सूप मांडीवर, पानं ओल्या फडक्यात,
हात आपले चालूच, पान, तंबाखू, वळ, दोरा,
आणि समोर एक नाक.
ओलं, शेंगदाण्याएवढं.
मग दुसरं. मग तिसरं,
त्याला यायचंच नव्हतं, कुणीतरी मागून ढकललं असावं.

मुंगसाची पिल्लं.
रंग पिंजलेल्या काथ्याचा.

एकानं माझ्या दोऱ्याचं टोक धरलं
आणि ओढलं.
मी सोडलं नाही.
त्यानंही नाही.
बेचाळीस डिग्रीत सगळं विडी घरकुल दारं लावून पडलेलं,
आम्ही दोघं एका दोऱ्याला.

आई आली पत्र्यावरून. शेपूट फुललेलं.
मी पापणी हलवली नाही.
एकेकाला मानगुटीला धरून नेलं तिनं
गुंडेटींच्या टाकीमागं.
तिसऱ्यासाठी यायला फार वेळ लावला.
तेवढा वेळ ते माझ्याकडं बघत होतं,
मी त्याच्याकडं.

संध्याकाळी कारखान्यात नऊशे चाळीस भरल्या.
"साठ कमी, नरसूबाई. डोळा लागला होता काय?"
हो म्हटलं.
मुंगसाचं तोंड पाहिलं की दिवस चांगला जातो म्हणतात.
मी तीन पाहिली.
पैसे कापले ते कापलेच.

रात्री दोरा सापडला, मोरीच्या कडेला,
टोक चावून पिंजलेलं.
फेकला नाही.
सकाळची पहिली विडी त्यानंच बांधली.
ओढेल कुणीतरी,
त्याला काय कळणार.