जावक

काचपेटीची किल्ली माझ्याकडे असते.
बावीस वर्षांत हे तिसरं कुलूप,
खारा वारा लोखंड टिकू देत नाही.
टाचण्यांचंही तेच. महिन्याभरात गंज सुटतो
आणि तांबूस डाग नेमका तारखेवर उतरतो.
मुलं खिडकीशी येतात,
मॅडम, हा एक की नऊ?

द्वितीय वर्ष वाणिज्य, सत्र चौथे.
अंतर्गत चाचणी. जर्नल तपासणी.
प्रकल्प अहवाल बांधून आणावा, सुटी पाने स्वीकारली जाणार नाहीत.
मी टाइप करते, प्राचार्य सही करतात,
नोंदवहीत जावक क्रमांक पडतो,
कागद काचेआड जातो.
तिथून पुढे तो कुठे पोचला
हे लिहायला वहीत रकाना नाही.

शिमग्यात बघा.
पालखी मंगळवारी कुठल्या वाडीत,
बुधवारी कुणाच्या अंगणात नाचणार,
सहाणेवरून कधी उठणार,
कुणी टाइप करत नाही, कुणी सही करत नाही,
तरी अंजनवेलपासून नालासोपाऱ्यापर्यंत सगळ्यांना पाठ.
त्याच आठवड्यात आमच्या चाचणीला
त्रेपन्नपैकी एकोणीस आले.
सर चिडले. मी मुकाट्यानं लाल रेघा मारल्या.
मनात म्हटलं, देवाला कारकून लागत नाही.

नूतन पालशेतकर.
खाडीपलीकडची, वेलदूरची.
आठवड्यातले चार दिवस कोळंबी सोलायला जायची,
दोन दिवस कॉलेजात.
परीक्षा अर्जाची मुदत मी शनिवारी लावली,
साडेचारला, घरी जाण्याच्या घाईत.
ती आली बुधवारी.
काचेसमोर उभी राहिली,
पूर्ण सूचना वाचली, खालच्या सहीपर्यंत,
मग पुन्हा वरून.
मी खिडकीतून बघत होते.
आत आली असती तर विलंब शुल्कात बसलं असतं,
तीनशे रुपये, मीच घातले असते.
ती आली नाही.
उतारावरून जेटीकडे गेली,
बोटांना पट्ट्या होत्या, वही काखेत.
जावक क्रमांक एकशे अठरा.
तिचा चेहरा आता नीट आठवत नाही, क्रमांक आठवतो.

आता मोबाइल आहेत.
पण खाजणाकडच्या वाड्यांत रेंज नसते.
रेंज येते ती फेरीबोटीत, खाडीच्या मध्यावर,
तीनचार मिनिटं.
तेवढ्यात सगळ्यांचे खिसे एकदम वाजतात
आणि कुणीतरी ओरडतं, अरे मेलो, ऑडिटिंग सोमवारी!

ज्यांचे खिसे वाजत नाहीत त्यांच्यासाठी
मी एक प्रत जास्त काढते.
तिकीट फाडणारे अब्बास साखरकर
ती लाइफ जॅकेटच्या पेटीवर चिकटवतात, भाताच्या खळीनं,
आणि गाड्या लागेपर्यंत स्वतःच वाचून दाखवतात.
एसवाय बीकॉम, एकवीस तारीख, साडेदहा!
हॉल तिकीट विसरलात तर मी परत आणून सोडणार नाय!
पाटीवाल्या बायका ऐकतात.
मागच्या महिन्यात पेपर पुढे गेला,
तर एकीनं बांगडे तोलता तोलता दारातच सांगितलं,
पोराला झोपू दे गो,
सोमवारचा पेपर गेला गुरवारी.
त्या घरात फोन होता. बिल भरलं नव्हतं.

नोंदवहीत उजवीकडे मी पट्टी धरून
पेन्सिलीनं एक रकाना आखलाय.
त्यात लिहिते: अब्बासभाई. बांगडेवाली.
आंब्याच्या पेट्या भरणारा मिथुन, त्याच्या मुकादमाला सांगून.
लेखापरीक्षकांनी विचारलं, हे काय?
मी म्हटलं, असू दे.
पेन्सिलीचं आहे म्हणून त्यांनी सोडून दिलं.

दोन हजार बाराची वही माळ्यावर आहे.
ती मी खाली काढलेली नाही.

आज वेळापत्रक लावलं.
टाचणी नवी, तरी आठ दिवसांत डाग धरेलच.
पुसता येतो, पण मी पुसत नाही.
एक की नऊ, असं विचारायला
कुणी खिडकीशी आलं
की मला बरं वाटतं.