काहीच करू नका

रात्री साडेदहानंतर यंत्र आमचं असतं.
दिवसभर त्यात गुडघे, मणके, कुणाची तरी गाठ.
रात्री धडधाकट माणसं येतात, सह्या करतात,
बक्कल, चिल्लर, दंडातला ताईत
निळ्या ट्रेमध्ये काढून ठेवतात,
आणि मी सांगते, हिंदीत, मोडक्या अरबीत,
क्वचित मराठीत:
डोळे उघडे ठेवा. समोरच्या फुलीकडे बघा.
बारा मिनिटं काहीच करू नका.

मस्कतमध्ये हे वाक्य
पैसे देऊन कुणी कुणाला म्हणत नाही.

दस्तगीर परकार, गाव म्हाप्रळ,
अल खुवैरला टॉवर क्रेन चालवतो.
त्याने तीनदा विचारलं, "बाय, नुसतं पडायचे पैसे?"
त्याआधी कोड्यांचा कागद सोडवला होता,
नऊ चौकोन, नववा रिकामा, तिथे काय बसेल.
छत्तीसपैकी चौदा.
मग स्वभावाची प्रश्नावली.
'मला चार माणसांत मिसळायला आवडतं':
पूर्ण सहमत, थोडा सहमत, असहमत.
पेन थांबलं.
"खाली उतरल्यावर, की वर असताना?"
वर साठ मीटरवर एकच खुर्ची असते.
त्याला चौकट नव्हती. त्याने रेघेवरच टिक केली.

डॉक्टर झुवैनाने मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं:
मेंदूचे तीनशे ठिपके धर,
कुठलेही दोन एका लयीत वरखाली झाले
की त्यांच्यात एक रेघ.
पडद्यावर ते विमानातल्या मासिकाच्या
शेवटच्या पानासारखं दिसतं,
सगळे मार्ग दोनतीन शहरांत येऊन गुंतलेले.
त्या पानावर म्हाप्रळ नसतं.
दस्तगीर दोन वर्षांतून एकदा पोचतो तरीही.

दोनशे अकरा माणसं झाल्यावर हिशेब निघाला.
रेघांवरून बुद्धीतला फरक किती कळतो?
झुवैना म्हणाली, रियालमागे चाळीस बैसा.
आणि स्वभाव?
तिने नुसते ओठ मुडपले.
चाळीस बैशांत इथे चहाही मिळत नाही,
पण ती खूश होती. म्हणाली, शून्य नाही ना.

दस्तगीर बाहेर आला, कानातले बोळे काढत.
"मागे तो थंडाव्याचा पंप आहे ना,
दर अकराव्या ठोक्याला अडखळतो."
मी म्हटलं, काहीच करू नका सांगितलं होतं.
"काय केलं? ऐकत होतो.
दोर तुटायच्या आधी बोलतो, बाय."
इंजिनियर दुबईहून आला, दोन तास बसला,
सगळं ठीक म्हणून सही करून गेला.

शून्य नंबरची फाइल माझी आहे.
अभ्यास सुरू व्हायच्या आधी, चाचणीसाठी,
मीच त्या नळीत झोपले होते.
झुवैनाने एका दाट झुपक्यावर बोट ठेवलं:
हाताला काम नसलं की मन या गल्ल्यांतून हिंडतं.
तुझ्या गल्ल्यांत फार वर्दळ आहे. काय चाललं होतं?
मी म्हटलं, विजेचं बिल.

खरं तर आई होती तिथे.
आम्ही जुळ्या, हेमलता आणि मी,
कराडच्या घरी कुणीही पाहुणा आला
की आई चहाबरोबर आमची वाटणी करायची:
ही हुशार. आणि ही गुणी.
मी गुणी.
पाच वर्षांची असताना मी पाढे चुकायला लागले,
आधी येत होते.
हेमलता तेव्हापासून भांडकुदळ झाली,
आधी नव्हती.
तीनशे ठिपक्यांत त्या वाक्याची रेघ कुठली,
हे झुवैनाला विचारावंसं वाटतं.
विचारत नाही. गुणी ना.

आज नवा माणूस आहे, बार्कातला शाळामास्तर.
दिशदाशा घडी घालून ठेवली त्याने, नीट, कडेला कड.
पलंग आत सरकतो.
मी काचेमागून सांगते,
काहीच करू नका,
आणि मोजायला लागते.
आठ. नऊ.
दहा.