सनद

बहरीनमधल्या या गावाचं नाव सनद.
पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं.
आमच्याकडे सनद म्हणजे कागद,
तांबड्या फडक्यात बांधून ट्रंकेत तळाशी ठेवलेला,
ज्याच्यापायी भाऊ भावाशी बोलत नाही.

इथे ती चिखलात उभी होती,
घोटाभर पाण्यात, हिरवी,
आणि खाली श्वासमुळांची दाटी,
जणू कुणी हजारो पेन्सिली
टोकं वर करून रोवून ठेवल्यात.
मक्की म्हणाला, गुर्म.
मी म्हणालो, तिवर.
मग दोघांनी एकेक पान उलटं करून चाटलं.
मिठाला दुभाषा लागला नाही.

माझं काम खुंट्या ठोकायचं.
एक्केचाळीस प्लॉट, होड्यांचा धक्का,
आणि एक कॉफीचं दुकान,
ज्याचं नावसुद्धा आधीच ठरलेलं.
टेकबहादूर स्टाफ धरायचा,
मी दुर्बिणीतून आकडे वाचायचो,
शेंदरी फीत बांधून आम्ही परतायचो.
सकाळी पाहावं तर खुंट्या
काठाला येऊन पडलेल्या,
फी न भरल्याने घरी पाठवलेल्या पोरांसारख्या.
गाववाल्यांचं काम हे, इंजिनिअर फुआद म्हणाला.
मी मान हलवली.
भरतीही गावचीच की.

मग मातमच्या दिवाणखान्यात बैठक बसली.
नगरपालिकेचे लोक, कंपनीचे लोक,
भिंतीला टेकून सगळं सनद,
आणि दाराशी चपलांजवळ मी, नकाशाची गुंडाळी सांभाळत.
हज्जिया तय्यिबा उठली नाही, बसूनच बोलली.
झरे आटले तेव्हा आम्हांला कुणी विचारलं नाही.
खजुरी गेल्या तेव्हा आम्ही
मोजणीवाल्यांनाच जेवू घातलं.
आता एवढंच ओलं उरलंय.
माझे नातू मासा कुठे अंडी घालतो
ते मोबाइलवर बघणार काय?

कंपनीचा वकील मृदू आवाजाचा.
म्हणाला, भावना समजतात,
पण ही जमीन आहे, समुद्र नव्हे.
समुद्र नेमका कुठे संपतो
हे कुणी लिहून ठेवलंय का?

माझ्या फील्डबुकात होतं.
त्रेचाळीस दिवसांची भरती, पेन्सिलीने.
कुणी सांगितलं नव्हतं. हात रिकामे नसावेत म्हणून.
वही हातोहात पुढे गेली
आणि तशीच परत आली,
कारण आकडे देवनागरी,
गुहागरच्या शाळेत गिरवलेले,
आणि त्या दिवाणखान्यात चारआणि आठ
कुणालाच ओळखू येईनात.
म्हणून मला उभं राहून वाचावं लागलं,
माझ्या मोडक्या अरबीत,
प्लॉट एक, पाण्याखाली.
प्लॉट दोन, पाण्याखाली.
एकोणतिसाव्यापर्यंत वाचलं.
फुआद छताच्या पंख्याकडे बघत होता.
चहा गार होत होता.

त्या महिन्यात माझी बदली झाली, गोदामात.
कुणी रागावून बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

चार वर्षांनी नवा नकाशा निघाला.
कांदळवनाला एकच रंग,
प्लॉटच्या रेषा खोडलेल्या नीट दिसतात
कागद उजेडाकडे धरला तर.
सार्वजनिक उद्यान, असं अरबीत लिहिलंय.
फाटक आहे, कुलूप नाही.
शुक्रवारी मक्कीची नात
लाकडी वाटेवर पालथी पडून चिंबोऱ्या मोजते,
अकरावर पोचली की चुकते
आणि पुन्हा पहिल्यापासून.
झाडांना आता कायमचं राहता येईल.
माझा परवाना मार्चमध्ये संपतो.

काल धाकट्याचा फोन, सात वर्षांनी.
खाडीकाठच्या जागेला भाव आलाय, म्हणाला,
भराव टाकायला लोक तयार आहेत,
तुझी सही तेवढी पाठव.
मी बराच वेळ गप्प.
मग म्हटलं, सहीचं बघू.
आधी एक कर.
भरती कुठवर येते ते रोज जाऊन बघ
आणि लिहून ठेव.
पेन्सिलीने चालेल.