दोन तोंडांची बोट

दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीला
पुढचं तोंड, मागचं तोंड असं काही नसतं.
जिकडे जायचं ते पुढचं.
दहा मिनिटांनी तेच मागचं होतं,
आणि बोट वळत नाही, कधीच वळत नाही,
फक्त दुसरा जबडा उघडते.

मी तिच्यावर तिकिटं फाडतो, साखळी लावतो.
साखळी लावतो. हे दोनदा लिहिलं,
राहू दे तसंच.

तीन वर्षांपूर्वी, पौषातल्या एका मंगळवारी
मी ती लावली नव्हती.
एक स्कूटर घरंगळली, फक्त हातभर,
युसूफ मुकादमांनी मागून सीट धरली,
पायाशी ठेवलेली टोपली तेवढी गेली पाण्यात.
वीस-पंचवीस बांगडे.
मेलेलेच होते, घरी परत गेले म्हणायचं.
स्कूटरवाली हसली. लोक हसले.
मीही हसलो, असं सगळे सांगतात.

तेव्हापासून ती स्कूटर रोज घरंगळते.
भात कालवताना. दाढी करताना, साबण गालावर तसाच.
कोळसा उगाळावा तितका काळा, हे मला ठाऊक आहे,
पण माझ्या सहाणेवर दुसरं काही टिकतच नाही.
कधी हातभर घरंगळते, कधी वावभर.
कधी युसूफभाई तिथे नसतातच.

आणि इथेच, बघा, बोट समोरच्या धक्क्याला लागते.
कारण जे घडलंच नाही ते कालचं कसं असेल?
ते उद्याचं.
उद्या शाळेची गाडी असेल. उद्या उधाण असेल.
उद्या माझा हात साखळीवर असेल आणि कडी नसेल.
मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात;
माझ्या मनाला वैऱ्याची गरजच पडली नाही,
पंचवीस बांगड्यांचं भांडवल त्याला आजवर पुरलंय.
उद्याच्या भीतीने दचकलो की
खात्री करायला पुन्हा कालच्याकडे जायचं:
नक्की कुठे चुकलो? कडी की हूक? डावा हात की उजवा?
तिथून नवी भीती भरून परत.
भाडं दोन्ही फेऱ्यांचं मीच देतो.

चिपळूणच्या शिरगावकर मॅडमनी
वहीत दोन रकाने आखायला सांगितले,
इकडे मागचं, तिकडे पुढचं.
आठवडाभर लिहिलं.
दोन्हीकडे तीच स्कूटर, फक्त क्रियापद बदललेलं.
घसरली.
घसरेल.
मॅडम ते पान बराच वेळ बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, साखळी एकदाच लावायची,
आणि मोठ्याने म्हणायचं, लावली.

"लावली!"
पहिल्या दिवशी एक म्हातारा कावला, काय लावलीस रे?
आता अंजनवेलची पोरं माझ्याआधी ओरडतात.

परवा ती आली. स्कूटर तीच, आरसा नवा.
तिकीट देता देता विचारलं, ती टोपली आठवते?
"कुठली टोपली?"
एवढं हलकं वाटलं की सुट्टे द्यायचेच विसरलो.

रात्री दोनला जाग आली.
विचारलं कशाला? काय वाटलं असेल तिला?
आणि ते सुट्टे? उद्या भेटली, सगळ्यांसमोर बोलली तर?
अंधारात माझं मलाच हसू आलं, या वेळी खरंच,
पण हसल्याने झोप येते असं नाही.

उठून जेटीवर गेलो.
ओहोटी लागलेली, बोट दोराला सैल,
दोन्ही जबडे मिटलेले.
तिला ना दाभोळ ना धोपावं.
साखळीला हात लावायचा नाही असं ठरवून
कठड्यावर बसून राहिलो.

लावलाच.
एकदा.