सात नंबर

मंगळवारी पहाटे नळीचा सांधा सुटला
आणि फॉस्फरिक ॲसिड सात नंबरच्या अंगावर आलं.
माणसं वाचली. कायतान वर केबिनमध्ये होता,
काच बंद होती,
कुणी सांगितलं म्हणून नव्हे, त्याला खोकला होता म्हणून.

मुरगाव बंदराच्या त्या कोपऱ्यात मग दोन दोऱ्या ताणल्या,
पिवळी आणि पांढरी.
पिवळीच्या आत जायचं तर कोपरापर्यंत मोजे, चष्मा, गमबूट;
पांढरीच्या बाहेर यायचं तर ते सगळं आतच ठेवून.
मध्ये एक टब, त्यात पाय बुडवायचे
देवळाच्या पायरीवर धुतात तसे, फक्त इथे
देव मागे राहतो आणि आपण निघतो.

वरून खाली धुवायचं, हे शाणूला तीनदा सांगावं लागलं.
खालून सुरू केलं की वरचं उतरतं
आणि धुतलेल्यालाच पुन्हा चावतं.
पाणी भरपूर, पण जोर नको.
जोराचं पाणी घाण घालवत नाही,
तिला बेअरिंगच्या आत पोचवून येतं.
विजेच्या पेटीला पाइप दाखवायचासुद्धा नाही;
तिला ओलं फडकं, तेही पिळून,
आजाऱ्याचं तोंड पुसावं तसं.

समोर झुआरीचं मुख, एवढं पाणी उघड्यावर,
आणि आमचं पाणी आम्ही टाकीत धरत होतो.
“दर्यांत सोड गे बाय,” रुझार म्हणाला, “दर्या व्हड.”
त्याचा भाऊ बायण्याच्या खडकांवर शिनाण्या काढतो.
मी भावाचं नाव विचारलं.
त्याने पंपाचं तोंड पुन्हा टाकीकडे वळवलं.

कागदाची पट्टी पहिल्यांदा लावली: आमसूल.
सोड्याचं पाणी, साधं पाणी, पट्टी:
सोलकढी.
पुन्हा. पुन्हा.
चार वाजता ती हिरवट निघाली, कोवळ्या बिंबलासारखी,
आणि शाणूने टाळी वाजवली, मोज्यांतून, फट्ट.
मी म्हटलं, थांब.

उचलायचे पट्टे होते सहा, नायलॉनचे, नारिंगी.
धुतल्यावर नवे दिसत होते. त्यातला एक
शाणूने मागितला. घरी आंबा आहे,
पोरगी चार वर्षांची, झोपाळा बांधीन म्हणाला.
नायलॉन जळतं ते सांगत नाही.
मी त्याच्यासमोर सहाही पट्टे हातभर-हातभर कापले,
कातरीने अंगठा सोलवटला.
तो काही बोलला नाही.
मग दोन दिवस काहीच बोलला नाही.

पोलादी दोर बुधवारी उघडला.
ग्रीस गेलेलं, चकचकीत,
लग्नाला निघाल्यासारखा.
कायतानने सुळा घालून पीळ सैल केला
आणि आतली तार दाखवली:
पांढरी भुकटी, भुकटीखाली खड्डे,
देवी येऊन गेलेल्या गालावर असतात तसे.
तो खोकला, दोराकडे बघून, बराच वेळ.

हुकाला लाल रंग फासला, पुसला, वर पांढरा फवारा.
तडा असेल तर पांढऱ्यातून लाल वर येतं.
दहा मिनिटं आम्ही पाच माणसं
त्या पांढऱ्याकडे बघत उभी.
आलं नाही.
हुश्श कुणीच केलं नाही.

नवा दोर येईल, वजन लावून बघू, मग सही.
तोवर सात नंबरच्या हुकाला एक लाल कार्ड आहे,
वापरू नका, तारीख, माझं नाव.
दुपारी वारा सुटला की ते हलतं.
चाळीस टन उचलणारी ती
आठवडाभर एवढंच धरून उभी आहे.

गुरुवारी निघताना मी पट्टी स्वतःच्या तळहाताला लावली.
जरा पिवळसर.
माणसाची कातडी असतेच थोडी आंबट.
तरीही हात पुन्हा नळाखाली धरले,
अंगठा चुरचुरला.

गेटपाशी शाणू थांबलेला, पोदेराकडून पाव घेत.
माझ्याकडे न बघता म्हणाला,
“काथ्याची दोरी चलतली?”
म्हटलं, चालेल.
नवी घे.