मोजणी

लग्न ठरलं दोन दरबारांत,
मिठाच्या जकातीसकट.
डेन्मार्कची इंगेबोर्ग
थुरिंगियाच्या बर्फात उतरली तेव्हा सतराची.

जर्मन शिकली. प्रार्थना जर्मन,
स्वयंपाकघरावरचा राग जर्मन,
नवऱ्याशी धरलेला अबोलाही जर्मनच.

मोजायची मात्र माहेरच्या आकड्यांत:
चादरी, चांदीचे चमचे,
दोन कळांमधलं अंतर.
नऊ बाळंतपणं.
पाच शवपेट्या,
त्यातली एक व्हायोलिनच्या पेटीएवढी.

आज आडेलहाइडची पाठवणी, थेट लिस्बनला.
अंगणात ट्रंका चढताहेत गाडीवर.
एन, तो, त्रे...
अकरानंतर इंगेबोर्गचा आवाज ढळतो.

गाडीच्या खिडकीतून लेक
पुढचा आकडा सांगते:
"तोल."

हिला कुणी शिकवलं?
कुठल्या दाराआड उभी राहून
ऐकत होती ही पोर,
आणि कितव्या पेटीपासून?